चालत्या हंगामात विचारू नये असा प्रश्न

दिवाळी करून गावाहून परतताना दरवर्षी एकदा तरी आमची एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकते. दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, मागे बांधलेली लाल चिंधी आणि पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर गावभर ऐकू जातील असे दोन स्पीकर. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमतो, लोक चरफडतात, कुणीतरी "आता ह्यो कारखान्यापत्तुर म्होरंच ऱ्हातो बघा" असं जाहीर करून मोकळं होतं. मी खिडकी सरकवते. कापलेल्या उसाचा ओलसर, हिरवट-गोड वास आत येतो. शेजारची बाई थंडी वाजते म्हणून कुरकुरते, तरी मी खिडकी लावत नाही. वर्षातून एकदा एवढा आगाऊपणा मी करते.

संभाजीनगरला एका औषध कंपनीत मी लॅब सांभाळते. ही माझी चौथी नोकरी. पहिली नोकरी बायोडेटात एका ओळीत आटोपते: साखर कारखाना, केमिस्ट, हंगामी. मुदत तीन महिन्यांहून थोडी कमीच. मुलाखत घेणारे ती ओळ ओलांडून पुढे जातात. एकाने विचारलं होतं, "ही इंटर्नशिप होती का?" मी हो म्हणून गेले. त्या 'हो'ची मला अजून लाज वाटते.

कारखाना माजलगावच्या बाजूचा. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर निम्मा तालुका फोन करून दुरुस्त्या सुचवेल. अंबाजोगाईला केमिस्ट्री घेऊन मी बी.एस्सी. झाले होते, घरी बसून होते, आणि आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, तिथल्या चीफ केमिस्टसाहेबांशी ओळख निघाली. आमच्याकडे ओळख निघते, काढावी लागत नाही. साहेब सांगलीकडचे होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "वासाचा त्रास होतो का?" मी म्हटलं, नाही. झाली मुलाखत.

हंगामी म्हणजे काय, हे मला तिथे गेल्यावर कळलं. दिवाळीच्या सुमाराला उसाची पहिली मोळी पूजा करून गव्हाणीत टाकतात. गव्हाण म्हणजे ऊस आत ओढून नेणारा भला मोठा सरकता पट्टा. तिथून तो पट्टा सुरू झाला की रात्रंदिवस चालतो, चांगल्या सालात थेट गुढीपाडव्यापर्यंत. ऊस संपला की कारखाना थांबतो. कायम असलेली माणसं मग यंत्रं उघडून साफ करत बसतात, आणि हंगामी माणसं घरी जाऊन पुढच्या मोळीची वाट बघतात. आमच्या जिल्ह्याला या वाट बघण्याचं काही वाटत नाही. माझ्याच गावातली निम्मी घरं दसऱ्यानंतर कुलूप लावून ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यात परत येऊन कुलूप काढतात. माझ्याबरोबर दहावीपर्यंत असलेली मंगल त्या वर्षी नवऱ्याबरोबर आमच्याच कारखान्याच्या तोडीला होती. कारखान्याच्या नळावर भेटली तेव्हा माझ्या पांढऱ्या कोटाला हात लावून म्हणाली, "तुला बसून पगार देतात व्हय गं?" मी म्हटलं, उभं राहून. दोघी हसलो. नंतर तिला पुन्हा भेटायला मी काही तोडणीवाल्यांच्या खोपीवर गेले नाही. जायला पाहिजे होतं.

सकाळी सातची गाडी. थंडीत रस्त्याच्या कडेने बैलगाड्यांची रांग, बैलांच्या नाकातून वाफा, गाडीवानांनी डोक्यावरून घेतलेली घोंगडी. कारखाना दिसायच्या आधी ऐकू येई, आणि ऐकू यायच्या आधी त्याचा वास येई. साखर निघून गेल्यावर उरणाऱ्या काळ्या दाट मळीचा तो वास. पहिल्या आठवड्यात तो डोक्यात भिनतो, दुसऱ्या आठवड्यात केसांत, आणि तिसऱ्या आठवड्यात तो येतच नाही. घरी आई म्हणायची, "उज्वला आली." मी दारात यायच्या आधी म्हणायची. बॉयलरात जळणाऱ्या चिपाडाची काजळी हवेतून तरंगत यायची आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. आजूबाजूच्या गावांतल्या बायका कारखान्याला रोज शिव्या घालत आणि त्याच तोंडाने विचारत, आपला ऊस कधी नेणार म्हणून.

आमची लॅब म्हणजे एक लांब ओटा, रसाची भांडी, गाळणकागदाचे गोल तुकडे आणि एक खिडकी. दर तासाला रसाचा नमुना यायचा. त्यात साखर किती हे मोजायचं आणि रजिस्टरात भरायचं. संध्याकाळी निघायच्या आधी आदल्या दिवसाचं गाळप, म्हणजे किती टन ऊस गाळला तो आकडा, वजनकाट्यावरून आणून लाल शाईने लिहायचा. हे काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. साहेब म्हणायचे, "पोरीचं अक्षर बघा, नाहीतर तुमचं. मुंगळा शाईत पडून चालल्यासारखं." त्या कौतुकावर मी दिवसभर खूश असे. बाविसाव्या वर्षी माणूस फार थोडक्यात खूश होतो.

पण माझं मन असे वरच्या मजल्यावर. तिथे साखर शिजवायची मोठी बंद भांडी होती, त्यांना पॅन म्हणतात, आणि त्यांचे राजे होते दगडूमामा. साठीला टेकलेले, वाळकुडे, कायम कपाळावर चढवलेला चष्मा. पॅनला एक छोटं तोंड असतं. त्यातून मामा सळईवर थोडासा पाक काढत, काचेच्या पट्टीवर अंगठ्याने पसरत आणि खिडकीच्या उजेडाकडे धरत. त्या पातळ थरात साखरेचा कण धरला की नाही, हे त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसे. मी खाली यंत्रावर अर्धा तास खटपट करून जे सांगायची, ते मामा वर उभ्याउभ्या सांगायचे. पहिल्यांदा मी वाद घातला. दुसऱ्यांदाही घातला. तिसऱ्यांदा माझं यंत्र चुकलं होतं, तेव्हापासून मी नमुना न्यायच्या निमित्ताने वर जाऊन नुसती उभी राहायला लागले.

"हे बग," काच माझ्या डोळ्यांपुढे धरून ते म्हणायचे, "ह्यो मोठा हाय ना, ह्यो खरा दाणा. आन हे बारीक पिठावानी दिसतंय का? हे आगाऊ हाय. न बोलवता आलेलं. हे वाढत न्हाई आन दुसऱ्याला वाढूबी देत न्हाई."

"मग काय करायचं?"

"पाणी द्यायचं जरासं. लाजून इरघळून जातंय."

मी हसायची. मामा हसत नसत. पाक बघताना ते कधीच हसत नसत.

तिथल्या एका रिवाजाशी माझी गाठ पहिल्याच आठवड्यात पडली. चहाच्या वेळी वजनकाट्याचा क्लार्क, मामा, दोन फिटर असे सगळे जमलेले. मी अगदी सहज विचारलं, "आपला कारखाना बंद कधी होतो?" क्लार्कने हातातला कप खाली ठेवला. एका फिटरने बॉयलरच्या दिशेने हात जोडले. मामा शांतपणे म्हणाले, "चालत्या गव्हाणीपाशी तसं बोलत न्हाईत, बाई." मग मला समजावण्यात आलं, की हंगाम चालू असताना तो कधी संपणार हे कुणी तोंडाने काढत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत काढत नाही. शेवटची गाडी दाराशी असली तरी माणूस 'गाड्या येतायत की' असंच म्हणतो. मी बी.एस्सी. झालेली, मी मनातल्या मनात हसले. दुसरा रिवाज कुणी सांगावा लागला नाही, तो हवेतच होता. चालू हंगामात नोकरी सोडायची नाही. पंगत बसलेली असताना वाढप्याने भात खाली ठेवून निघून जावं, तसं ते मानलं जाई. कैक वर्षांपूर्वी असं गेलेल्या एका माणसाचं नाव अजून चहाच्या वेळी निघायचं आणि त्याच्याबद्दल कुणीही चांगलं बोलायचं नाही.

पौषात ते पत्र आलं. श्रावणात मी संभाजीनगरजवळ वाळूजला एका औषध कंपनीत मुलाखत देऊन आले होते आणि विसरूनही गेले होते. पत्र मोबाइलवर आलं होतं आणि कारखान्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली यायची. टाकीला ठिबकणारं पाणी मानेवर घेत मी ते तीनदा वाचलं. क्वालिटी विभाग, पक्की नोकरी, कंपनीची बस, आठ दिवसांत हजर व्हावे. छाती अशी धडधडत होती, की गव्हाणीचा आवाज मला ऐकू येईना.

घरी सांगितलं, तर दादांनी त्याच्यासमोर लगेच दुसरी गोष्ट मांडली. माजलगावच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा होती, बोलणं झालेलं होतं. "घरून जाऊन-येऊन करता येतंय. वाळूजला खोली घ्या, डबा लावा, कावून एवढी धावाधाव?" आई म्हणाली, "तिला इचारा की." दादांनी मला विचारलं. मी म्हटलं, विचार करते. आणि तिसरी होती ती कारखान्याची जागा, जिच्यात मी गळ्यापर्यंत बुडालेली होते.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी गाळणकागदाचा एक गोल घेतला आणि त्यावर तीन रकाने पाडले. वाळूज, शाळा, कारखाना. गोल कागदावर रकाने पाडले की कडेचे दोन खाली निमुळते होत जातात आणि मधला तेवढा ऐसपैस राहतो. शाळा मध्ये आली होती, तिच्यात लिहिण्यासारखं फारसं नव्हतं. वाळूजच्या रकान्यात मी 'पक्की', 'पुढे शिकता येईल', 'स्वतःचं' असं लिहिलं आणि जागा संपली. कारखान्याच्या रकान्यात पहिलाच शब्द 'मामा' लिहिला. मग लाज वाटून खोडला आणि 'अनुभव' लिहिला.

आज माझ्याकडे नोकरीला येणारी मुलं असले रकाने लॅपटॉपवर पाडतात. त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "मॅडम, शेवटी दोन्हीकडचे गुण सारखेच आले, मग काय करायचं?" मी त्याला काहीबाही सांगितलं. मला म्हणायचं होतं, की गुण सारखे यावेत म्हणून आपणच कुठेतरी हात राखून गुण देत असतो.

मला सुचलेला तोडगा मला त्या दिवशी फार हुशारीचा वाटला होता. कंपनीला म्हणायचं, हंगाम संपेपर्यंत थांबा. म्हणजे पंगतही मोडणार नाही आणि नोकरीही जाणार नाही. फोनवरच्या बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, "थोडे दिवस थांबता येईल. तुमचा हंगाम नक्की कधी संपतो, ती तारीख सांगा. उद्यापर्यंत."

आता आली का पंचाईत. तोच प्रश्न.

साहेबांकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "उसावर आहे." वजनकाट्यावर गेले. क्लार्क म्हणाला, "गाड्या येतायत की, ताई. बगा ना, उभ्याच हायेत." बघितलं. उभ्या होत्या. किती होत्या ते मी मोजलं नाही. वर गेले. मामा काच उजेडाला धरून उभे.

"मामा, एक सांगा. किती दिवस चालंल अजून?"

"कावून इचारतीस?"

मी सांगितलं. वाळूज, पत्र, उद्यापर्यंतची मुदत, सगळं. त्यांनी मान न वळवता ऐकून घेतलं. मग अंगठ्याने काच पुसली, पुन्हा पाक घेतला, पुन्हा पसरला.

"दाणा बग," ते म्हणाले, "आज लई झ्याक आलाय."

दुसऱ्या दिवशी टाकीखाली उभी राहून मी त्या बाईंना सांगितलं, "गुढीपाडव्यापर्यंत." त्या म्हणाल्या, "अहो, तेवढं नाही जमणार. संक्रांतीनंतर आठ-दहा दिवस असते, तर थांबलो असतो. दुसऱ्या उमेदवाराला कळवते मग." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. चांगलंच हलकं वाटलं. त्या हलकेपणाला मी निष्ठा असं नाव दिलं. कॅन्टीनमध्ये जाऊन दोन भजी जास्तीची खाल्ली आणि लॅबमध्ये येऊन लाल शाईने कालचं गाळप लिहिलं.

त्या साली पाऊस नीट झालेला नव्हता. हे काही गुपित नव्हतं. धरणाच्या कडेची माती उघडी पडलेली मी रोज एसटीतून बघत होते. संक्रांतीला लॅबमध्ये तिळगूळ वाटला. साहेबांनी सगळ्यांना 'गोड बोला' म्हटलं, आणि कुणीतरी पुटपुटलं, इथं दुसरं काय करतोय आपण. संक्रांतीपासून बरोबर आठव्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि काहीतरी विचित्र वाटलं. काय ते कळेना. घास हातात घेऊन मी बसून राहिले. मग कळलं, की ओटा थरथरत नाहीये. इतके दिवस तो अष्टौप्रहर बारीक थरथरायचा, त्यावरची भांडी किणकिणायची. ती गप्प होती. मग भोंगा झाला, लांबलचक, नेहमीपेक्षा किती तरी लांब. शेवटची गाडी रिकामी झाली होती.

मी जिना चढून वर गेले. आजही मला ते आठवलं की कानशिलं तापतात. मामा पॅनच्या तोंडाशी बसून तंबाखू मळत होते. हंगामात त्यांना कामाच्या वेळी बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"व्हतं."

"क्लार्कला माहीत होतं. साहेबांना माहीत होतं."

"समद्यांनाच व्हतं, बाई."

"मग मला का नाही सांगितलं? माझी नोकरी गेली, मामा. एक शब्द सांगितला असता तर. त्या बाई थांबायला तयार होत्या. तुमच्या त्या रिवाजापायी माझी नोकरी गेली."

माझा आवाज त्या रिकाम्या मजल्यावर भलताच मोठा वाजला. एरवी यंत्रांत तो कुणाला ऐकूही गेला नसता. मामांनी तंबाखू तोंडात टाकली नाही, तशीच मुठीत धरून ठेवली.

"रोज लाल शाईनं आकडा कोन लिहितंय?" त्यांनी विचारलं.

मी बोटावरचा लाल डाग अंगठ्याने पुसायला लागले.

"तुज्याच हातचा हाय का न्हाई? पैल्यांदा किती व्हता, मग किती झाला, परवा किती झाला. आमी अडाणी मान्सं, आमाला गाड्या बगून कळतंय. तुला तर कागदावर दिसत व्हतं. तुलाबी ठावं व्हतं." मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "जाणारं मानूस तारीख इचारत बसत न्हाई, बाई. तुला आमच्या तोंडून पाडवा ऐकायचा व्हता. मला तसं खोटं बोलवंना, आन खरं बोलायची इथं रीत न्हाई. म्हून म्हणलं, दाणा बग."

मी खाली आले आणि रजिस्टर उघडलं. होतं तिथे सगळं. माझ्या त्या कौतुकाच्या अक्षरात, रोज थोडा थोडा खाली येत गेलेला आकडा. शेवटच्या पंधरवड्यात तर पायऱ्या उतरल्यासारखा. कंपनीला मी 'पाडवा' सांगितला, त्या दिवशी लिहिलेलं गाळप पहिल्या आठवड्याच्या निम्म्यावर आलेलं होतं, आणि ते लिहून मी भजी खायला गेले नव्हते तर भजी खाऊन आल्यावर लिहिलं होतं, एवढाच काय तो फरक. मी खूप रडले. नोकरी गेली म्हणून रडले असं तेव्हा वाटलं. खरं म्हणजे पकडले गेले म्हणून रडत होते. मला वाळूजची भीती वाटत होती. एकटीची खोली, ओळखीचं कुणी नाही, चुकलं तर कुणी दाणा बघ म्हणणारं नाही. ती भीती मला कुणाला सांगायची नव्हती, आणि रिवाजाच्या मागे ती छान लपत होती.

घरी आठ दिवस बसून काढले. ज्वारी हुरड्याला आली होती, जेवढी आली होती तेवढी. बांधावर आगटी पेटवून आई कणसं भाजायची आणि हातावर चोळून द्यायची. तो गरम, कोवळा, हिरवा हुरडा खाताना मला आपण अगदी नापास झाल्यासारखं वाटायचं. नवव्या दिवशी मी गावातल्या शाळेच्या ओट्यावर चढले, कारण रेंज तिथे होती, आणि त्या बाईंना फोन लावला. "आमचा हंगाम संपला," मी म्हटलं. त्या हसल्या. ती जागा गेली होती. पण दुसऱ्या विभागात एक होती, सहा महिने शिकाऊ, पुढचं पुढे, आणि हजर व्हायचं येत्या सोमवारी.

त्याच संध्याकाळी साहेबांचा दादांना फोन. पुढच्या हंगामापासून मला कायम करायचं त्यांच्या मनात होतं. दादा तर उभे राहून बोलायला लागले. शाळेची जागा होतीच. आता पुन्हा तीन जागा, आणि या वेळी मागे लपायला एकही रिवाज नव्हता. कारखाना बंद होता. कुणीही खुशाल जावं.

कारखान्यात कायम होणं म्हणजे काय, याचा मी प्रथमच नीट विचार केला. मला तो कारखाना आवडत होता, हे खोटं नव्हतं. पण जो आवडत होता तो चालता. साहेबांना भेटायला म्हणून दुसऱ्या दिवशी गेले, तर आवारात कबुतरं फिरत होती. वजनकाट्यावर क्लार्क पेपर वाचत होता. त्याने "या ताई" म्हटलं आणि आतला गाड्यांचा रस्ता इतका मोकळा दिसला, की मला तो ओलांडायला संकोच वाटला. पाऊस झाला तर चार-पाच महिने, नाही झाला तर असे जेमतेम अडीच. बाकीचे सगळे महिने नळ्या घासायच्या आणि आभाळाकडे बघायचं. दगडूमामांनी तसं आयुष्य काढलं होतं आणि त्यांच्या हातात त्यातून काहीतरी अस्सल आलं होतं. माझ्या हातात काय येईल ते मला दिसत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की मी पुन्हा कुणाच्या तरी तोंडून 'पाडवा' ऐकायला धडपडत राहीन.

मी साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. त्यांनी वाचला, घडी केली. "अक्षर चांगलं आहे," एवढंच म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, "जा. तिकडं वासाचा त्रास होईल तुला. औषधांचा वाईट असतो." खरंच होता. पहिले सहा महिने मला रोज मळमळायचं. खोलीवर डबा उघडावासा वाटायचा नाही. नंतर सवय झाली, पक्की नोकरी झाली, मग दुसरी, तिसरी. आता कुठलंही पत्र आलं की मी एका संध्याकाळात हो किंवा नाही सांगून टाकते, आणि लोक म्हणतात, तुमचं बाई बरं आहे, पटकन ठरतं. मोळीच्या पूजेचं बोलावणं पहिली तीन-चार वर्षं घरी येत असे. क्लार्क दादांकडे निरोप ठेवायचा. दरवर्षी काहीतरी निघायचं. ऑडिट निघायचं, रजा नसायची, एकदा तर काहीच नव्हतं तरी मी गेले नाही.

त्या दिवशी साहेबांच्या खोलीतून निघून मी वर गेले. मजल्यावर कुणी दिसेना. मग पॅनच्या आतून खरवडल्याचा आवाज आला. मामा आत उतरलेले होते. त्यांना हाक मारली, तर आतून घुमणाऱ्या आवाजात "आलो, आलो" आणि पॅनच्या माणूस उतरेल एवढ्या झडपेतून आधी चष्मा, मग डोकं वर आलं. अंगावर सगळा पांढरट थर. मला बघून त्यांनी हात बनियनला पुसले. खालची कुठलीही बातमी वर पोचायला तिथे चहा व्हायचाही वेळ लागत नाही. राजीनामा टेबलावर पडून पाव तास झाला होता.

"चाललीस व्हय गावाकडं?"

"हो. आज तेवढंच काम होतं."

"आराम कर जरा. लई वाळलीस." त्यांनी चष्मा काढून फुंकर मारली, पुन्हा लावला. "फुडच्या मोळीला येशील नव्हं?"

मी काय काय म्हणू शकले असते. मामा, मी सोमवारी जाते आहे. मामा, मी परत येणार नाही. तुम्ही बरोबर बोललात आणि म्हणूनच मी चालले. सगळं ओठांपर्यंत आलेलं होतं. समोर तो साठीचा माणूस झडपेत छातीपर्यंत उभा, दोन्ही हात काठावर टेकवून, एखाद्या खिडकीत उभं राहावं तसा, आणि त्याच्या चेहऱ्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांना माहीत होतं.

"येते की, मामा," मी म्हटलं. "मोळीला येते."

"ये," ते म्हणाले, आणि परत आत उतरले.